कितीपैकी आणि कोणापैकी?
(अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी संभाव्यता व सांख्यिकी)

गुणपत्रिका हातात पडली की आपण आधी अंक वाचतो आणि मग त्याच्या पुढचे 'पैकी'. ऐंशीपैकी बासष्ट, वीसपैकी अठरा. हा 'पैकी' पहिलीपासून इतका ओळखीचा झालेला असतो की त्याच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही. संभाव्यता आणि सांख्यिकी शिकवताना माझा बराच वेळ या एका शब्दाकडे मुलांचे लक्ष वळवण्यात जातो, आणि तो सार्थकी लागतो असे माझे मत आहे. अपूर्णांकातला अंश सर्वांना दिसतो. छेद केवढा आहे आणि तो कुणी, कसा निवडला हे विचारायची सवय लागली, की अर्धा विषय आला असे समजावे. सूत्रे पाठ करायला एक आठवडा पुरतो.

पालकांच्या आणि विश्वस्त मंडळींच्या जिव्हाळ्याचे उदाहरण आधी घेतो. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत शाळांच्या नावांपुढे टक्केवारी छापून येते. अमुक शाळेचा शंभर टक्के, तमुक शाळेचा ऐंशी टक्के. पेढे कुठे वाटायचे आणि जाब कुणाला विचारायचा हे त्यावरून ठरते. मराठी शाळांतले वर्ग आता लहान होत चालले आहेत. दहा-बारा मुलांचा वर्ग नवलाचा राहिलेला नाही. अशा वर्गाच्या टक्केवारीचे वागणे साठ मुलांच्या वर्गापेक्षा फार वेगळे असते.

समजा, दोन शाळा आहेत. दोन्हीकडचे शिकवणे सारख्याच दर्जाचे. दोन्हीकडे प्रत्येक मूल उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ०.९ आहे. एका वर्गात १० मुले, दुसऱ्यात ६०. 'शंभर टक्के निकाल' लागण्याची संभाव्यता किती? एकाचा निकाल दुसऱ्यावर अवलंबून नाही असे धरले, तर ०.९ ला ०.९ ने मुलांच्या संख्येइतक्या वेळा गुणायचे. दहा मुलांच्या वर्गात उत्तर येते सुमारे ०.३५, म्हणजे सरासरी तीन वर्षांतून एकदा पेढे. साठांच्या वर्गात उत्तर येते सुमारे ०.००१८, म्हणजे साडेपाचशे वर्षांतून एकदा! आता उलट बाजू पाहा. लहान वर्गाचा निकाल ७० टक्के किंवा त्याहून खाली जाण्याची संभाव्यता सुमारे ०.०७ आहे, म्हणजे साधारण चौदा वर्षांत एकदा तशी वेळ येणारच. साठांच्या वर्गात ती जवळजवळ येतच नाही. शिक्षक तेच, मेहनत तीच, मुलेही तशीच. तरी यादीच्या वरच्या टोकाला लहान शाळा दिसतात आणि खालच्या टोकालाही त्याच दिसतात. मोठ्या शाळा मध्ये राहतात.

यात कुणी फसते असे वाटत नसेल तर अमेरिकेकडे बघा. तिथे २००० च्या सुमारास गेट्स फाउंडेशनसारख्या बड्या संस्थांनी मोठ्या शाळा फोडून लहान शाळा करण्यावर भरपूर पैसा खर्च केला. उत्तम गुण मिळवणाऱ्या शाळांत लहान शाळा जास्त आढळतात, हे त्यामागचे एक कारण होते. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनिया राज्यातील शाळांचे गुण तपासले, तेव्हा सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यांतही लहान शाळाच जास्त निघाल्या. यादीचे खालचे टोक आधी कुणी पाहिले नव्हते.

पण हा हिशेब आम्हा शिक्षकांना ढाल म्हणून वापरता येणार नाही, हेही इथेच सांगतो. त्याच दहा मुलांच्या वर्गाचा निकाल ओळीने तीन वर्षे ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली राहिला, तर तसे नुसत्या योगायोगाने घडण्याची संभाव्यता ०.०७ × ०.०७ × ०.०७, म्हणजे तीन हजारांत एक इतकी येते. तेव्हा मंडळींनी जरूर विचारावे की वर्गात काय चालले आहे. एका वर्षाच्या आकड्यावर मात्र शिक्षकाला डोक्यावर घेऊ नये आणि धारेवरही धरू नये. माझी सूचना साधी आहे: फलकावर 'निकाल ९० टक्के' न लिहिता '१० पैकी ९' लिहावे, आणि शेजारी मागील पाच वर्षांची बेरीज '५० पैकी ४६' अशी द्यावी. खडू तेवढाच लागतो.

आता वर्गाकडे वळू. पाठ्यपुस्तकात पिशवीतले लाल-काळे चेंडू असतात, बावन्न पत्ते असतात, दोन फासे असतात. माझा त्यांना विरोध नाही; तिथे प्रत्येक निष्पत्ती समसंभाव्य असते, म्हणून मोजणे सोपे जाते. पण वर्षभर मुले नुसते चेंडूच काढत बसली, तर त्यांना वाटू लागते की संभाव्यता पिशवीत राहते. शिवाय सांख्यिकी एका प्रकरणात आणि संभाव्यता दुसऱ्यात, त्यामुळे दोघींची ओळखच होत नाही. ती करून द्यायला एक रुपयाचे नाणे पुरते.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने नाणे वीस वेळा उडवावे आणि किती वेळा छापा आला ते फळ्यावर टिंब काढून दाखवावे. दहाच्या आसपास टिंबांचा ढीग होतो, पण कुणाला सहा आलेले असतात, कुणाला चौदा. त्या दोघांना वाटते की आपले नाणे खोटे आहे. लगेच उत्तर देऊ नये. आधी सगळ्यांची बेरीज करावी: ८०० पैकी छापे किती? ही बेरीज बहुधा ३७० ते ४३० मध्ये येते, म्हणजे निम्म्याच्या बरीच जवळ. एकेकट्या मुलाचे प्रमाण ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत हेलकावत होते आणि सगळ्या वर्गाचे पन्नासजवळ स्थिर झाले. मग कुणीतरी विचारतेच, "सर, किती दूर गेले म्हणजे फार दूर समजायचे?" प्रमाण विचलन शिकवायची वेळ ती. त्याआधी शिकवले तर ते वर्गमुळाखालचे एक लांबलचक गणित उरते. नंतर शिकवले तर मुले स्वतःच शोधून काढतात की फेका चौपट केल्या की हेलकावा निम्मा होतो. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने वेळ घालवायला नाणे दहा हजार वेळा उडवले आणि नोंद ठेवली. छापे आले ५,०६७. मुलांना ही गोष्ट फार आवडते, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत.

यालाच जोडून एक गंमत घरी करता येते. अर्ध्या मुलांनी खरोखर शंभर वेळा नाणे उडवून छापा-काटा ओळीने लिहावा. उरलेल्यांनी नाणे न उडवता मनाने लिहावा. शिक्षकांना बहुतेक वह्या अचूक ओळखता येतात. खऱ्या शंभर फेकांत सलग पाच छापे किंवा सलग पाच काटे एकदा तरी आल्याशिवाय सहसा राहत नाहीत. मनाने लिहिणारा मात्र तीन-चार छापे झाले की घाबरून काटा लिहितो.

नमुन्याचे प्रकरण मराठी मुलाला शिकवायला सगळ्यात सोपे, कारण ते आपल्या म्हणीतच आहे: शितावरून भाताची परीक्षा. दोनच शिते दाबून आई सांगते की भात झाला. भांडे चार माणसांचे असो की लग्नाच्या पंगतीचे, शिते दोनच लागतात. नमुना किती मोठा हवा हे समूह किती मोठा आहे यावर फारसे अवलंबून नसते. ही गोष्ट मोठ्या माणसांनाही पटत नाही, पण भाताने पटते. अट एवढीच की भात सगळीकडे सारखा शिजलेला, ढवळलेला असावा. मासळीच्या पाटीत वर मांडलेल्या बांगड्यांवरून खालच्या बांगड्यांची परीक्षा होत नाही, कारण वरचे कुणीतरी निवडून ठेवलेले असतात. इथे 'कितीपैकी' हा प्रश्न संपतो आणि 'कोणापैकी' सुरू होतो.

हा दुसरा प्रश्न किती बारीक असू शकतो ते सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामातून दिसते. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोम येथे सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. त्याआधी, १९४० च्या दशकात, देशातल्या पिकांचा अंदाज कसा काढावा यावर ते काम करत होते. पद्धत अशी: चिठ्ठ्या टाकल्यासारखे शेत निवडायचे, त्यात एक तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून वजन करायचे. तुकडा लहान घेतला तर श्रम वाचतात. सुखात्मे यांनी दाखवून दिले की फार लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण काय असावे, जरा विचार करा. आखलेल्या रेषेवरच उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. एक मीटर बाजूच्या चौरसाची परिमिती ४ मीटर आणि क्षेत्रफळ १ चौरस मीटर; दहा मीटर बाजूच्या चौरसाची परिमिती ४० मीटर, पण क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. म्हणजे लहान तुकड्यात दर चौरस मीटरला रेष दहापट आहे. नाण्याचे हेलकावे फेका वाढवल्या की आपोआप शमतात. ही चूक तशी शमत नाही. असे हजार लहान तुकडे कापले तरी सगळ्या चुका एकाच बाजूला साचतात. नमुना मोठा केला की सगळे ठीक होते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण आपल्या गोव्यात १९०७ साली जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. ते मुळात गणिती होते हे मुलांना सांगावे लागते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. या नाण्यांवर ना राजाचे नाव ना साल, नुसते ठसे. कोणती आधीची, कोणती नंतरची हे कसे ठरवायचे? कोसंबींनी ती तराजूत घातली. त्यांचा विचार असा: नाणे जितके हातोहात फिरते तितके झिजते, म्हणून जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी असणार. आणि काही नाणी फार फिरतात, काही गाठीला बसून राहतात, म्हणून वजनांतला परस्पर फरकही काळाबरोबर वाढत जाणार. सरासरी घटते आणि प्रमाण विचलन वाढते! ही कल्पना खरी आहे का हे त्यांनी आधी स्वतःच्या काळातली, बाजारात चालू असलेली नाणी मोठ्या संख्येने वजन करून पडताळले आणि मग तक्षशिलेला सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यांना ती लावली. एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता आले नसते. सगळ्या गटाने ते सांगितले.

हा प्रयोग आपणही करू शकतो. पण नाणी जमवताना 'कोणापैकी' विसरू नका. २०११ मध्ये रुपयाचे नाणे लहान व हलके झाले: आधीचे ४.८५ ग्रॅम, नवे ३.७९ ग्रॅम. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर ती कुठेतरी मध्ये येईल, आणि तेवढ्या वजनाचे एकही नाणे तुमच्या ढिगात नसेल. म्हणून एकाच घडणीची नाणी घ्या, सालवार लावा आणि ओळखीच्या सराफाकडच्या काट्यावर गटागटाने वजन करा. स्टील चिवट असते, झीज थोडी दिसेल. तरी करून बघा.

आता बारावीतला सर्वांत अवघड भाग, सशर्त संभाव्यता. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला होता. एक आजार हजारात एकाला असतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून 'आजार आहे' म्हणून दाखवते. एका माणसाची चाचणी होकारार्थी आली, बाकी काहीच माहीत नाही. तर त्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? जवळपास निम्म्यांनी ९५ टक्के सांगितले. बरोबर उत्तर ६० पैकी फक्त ११ जणांनी दिले.

सूत्र बाजूला ठेवा आणि माणसे मोजा. हजार माणसे घ्या. त्यांतला एक आजारी; चाचणी त्याला पकडते असे धरू. उरलेले ९९९ निरोगी. त्यांच्या ५ टक्के म्हणजे सुमारे ५० जणांनाही चाचणी चुकून आजारी ठरवते. होकारार्थी आलेले एकूण ५१. त्या ५१ पैकी खरा आजारी १. म्हणजे सुमारे २ टक्के. बस, हेच बेजचे प्रमेय. आता पुस्तक उघडून सूत्र पाहिले तर अंशात तो १ आणि छेदात ते ५१ बसलेले दिसतील. गर्ड गिगरेन्झर आणि उलरिख होफ्राग या जर्मन संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले की असे प्रश्न टक्क्यांऐवजी 'हजार माणसांपैकी इतकी' अशा भाषेत मांडले, तर बरोबर उत्तर देणारे पुष्कळ वाढतात. परीक्षेत सूत्राने सोडवा, पण कच्च्या कामात हजार माणसे जरूर काढा.

घोळ कुठे होतो ते लक्षात आले का? 'निरोगी लोकांपैकी किती होकारार्थी' आणि 'होकारार्थी लोकांपैकी किती निरोगी' ही दोन वाक्ये कानाला सारखी लागतात. पहिल्याचे उत्तर ५ टक्के, दुसऱ्याचे ९८ टक्के. पैकीच्या अलीकडचा शब्द बदलला की सगळेच बदलते. पहिला येणारा प्रत्येक मुलगा अभ्यास करतो. अभ्यास करणारा प्रत्येक मुलगा पहिला येत नाही, हे तर प्रत्येक घरात माहीत आहे.

हा घोळ एखाद्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या बाईंची दोन तान्ही बाळे एकापाठोपाठ दगावली. बाईंवर खुनाचा आरोप ठेवला गेला. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने न्यायालयात सांगितले की अशा कुटुंबात एक बाळ अकस्मात दगावण्याची संभाव्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन दगावण्याची ८,५४३ × ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. या गुणाकारात दोन चुका आहेत. गुणाकार स्वतंत्र घटनांचाच होतो. दोन सख्ख्या भावंडांना आईबाप एक, घर एक, रक्त एक, तेव्हा त्यांचे मृत्यू स्वतंत्र मानायला आधार काय? दुसरी चूक आपल्या ओळखीची आहे. निरपराध आयांपैकी किती जणींवर असा प्रसंग येतो, हा तो आकडा. न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा होता: असा प्रसंग आलेल्या आयांपैकी निरपराध किती? २००१ मध्ये इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्या आकड्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. पुढे बचावापासून दडून राहिलेला वैद्यकीय पुरावा उजेडात आला आणि २००३ मध्ये त्यांची सुटका झाली. अपील न्यायालयाने त्या आकड्यावरही टीका केली. बाई २००७ मध्ये वारल्या.

आता मागे जाऊन आपला ०.९ × ०.९ पुन्हा पाहा. आपणही मुले स्वतंत्र धरली होती. गणिताच्या शिक्षकाची जागा सहा महिने रिकामी राहिली तर दहाही मुलांचे नुकसान एकदमच होते. मग ती स्वतंत्र राहत नाहीत आणि लहान वर्गाचा निकाल आपल्या हिशेबापेक्षाही जास्त हेलकावतो. जागा वेळेवर भरणे हे गणिताच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, हे विश्वस्तांना जाता जाता सांगून ठेवतो.

सरावासाठी तीन प्रश्न देत आहे.

१. एका वर्गात १२ मुले आहेत आणि प्रत्येकाची उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ०.९५ आहे. शंभर टक्के निकालाची संभाव्यता काढा. मुले ४८ असतील तर?

२. हार्वर्डच्या प्रश्नातला आजार हजारात एकाऐवजी हजारात शंभर जणांना असेल, तर होकारार्थी आलेल्यांपैकी आजारी किती? चाचणी तीच, मग उत्तर एवढे का बदलले?

३. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ चा; म्हणून २००७ पासून २९ जून हा सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. कोसंबींचे निधन २९ जून १९६६ रोजी झाले. हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला असा प्रकार आहे की आणखी काही? ठरवण्याआधी हे काढा: ३० जणांच्या वर्गात कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता किती? (कुणाचाच जुळत नाही, याची संभाव्यता आधी काढणे सोपे जाईल. २९ फेब्रुवारी सोडून द्या.)

उत्तरे सुट्या कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. नुसता आकडा चालणार नाही; प्रत्येक उत्तरात छेद म्हणून काय धरले ते एका वाक्यात लिहावे. पालकांनीही सोडवून पाठवायला हरकत नाही.